पावाशिवाय कांद्याचं सूप

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
४ जुलै २०२५

प्रिय नाना,

तुला, तुझ्या कांद्याच्या चाळीला आणि तुझ्या डाव्या कानाला नमस्कार. त्या कानाला फोन ऐकू येत नाही आणि तू ते जन्मात कबूल करणार नाहीस, म्हणून हा कागदाचा खटाटोप.

आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी आठवते? तिथं आता फ्रेंच खाणावळ निघाली आहे. खाणावळ म्हटलं की मालकीणबाई रागावतात, 'बिस्त्रो' म्हणायचं. गिरणीवाल्यांचीच मुलगी, राजनंदिनी. नऊ वर्षं परदेशातल्या स्वयंपाकघरांत राबून आली आणि वडिलांच्या गिरणीत सहा टेबलं मांडून बसली. नाव मात्र 'गिरणी'च ठेवलंय. भिंतीवर ते मोठं चाक तसंच आहे. पिवळा दिवा, चौकडीचे टेबलक्लॉथ, आणि आतून लोण्यात कांदा परतल्याचा वास. नाना, त्या वासानं मला आपल्या कन्नडच्या शाळेतली मधली सुट्टी का आठवावी, सांग! शाळेत लोणी कुठं होतं? पण आठवते खरी.

पहिल्या दिवशी कांद्याचं सूप आलं. वर पाव, पावावर वितळलेलं चीज. मी सवयीनं वाडग्याभोवती पाणी फिरवलं आणि चित्राहुती म्हणून पावाचे चार कण टेबलक्लॉथवर मांडले. राजनंदिनी फडकं घेऊन धावली. "आजोबा, सांडलं का?"

"नाही गं, वाढलं," मी म्हटलं. तेव्हापासून आमचं जमलंय.

दारात एक फळा असतो. रोजचे पदार्थ त्यावर खडूनं लिहायचे, ही तिकडची रीत. तिचं मराठी अक्षर पाहिलं आणि छत्तीस वर्षं मराठी शिकवलेला माझा हात शिवशिवला. आता रोज सकाळी अकराला फळा मी लिहितो, आणि बदल्यात दर गुरुवारी संध्याकाळी एक वाडगा सूप. नुसती पदार्थांची नावं लिहिणं म्हणजे हजेरी घेतल्यासारखं वाटतं, म्हणून खाली चार ओळी रचतो. कालच्या पाहा:

कांदा रडे मंद आचे
पाव वर पांघरून;
कोण जुन्या ओळखीचे
हाका मारी वाफेतून?

९ ऑक्टोबरला, गुरुवारी, मला पंचाहत्तर पूर्ण होतात. त्या दिवशी तू आणि मी तिथं समोरासमोर बसून सूप प्यायचं. हे आमंत्रण नव्हे, ताकीद आहे.

तुझा
मुकुंद

*

कन्नड
१२ जुलै

मुकुंदा,

पत्र मिळालं. कान माझा धड हाय, फोनच हळू बोलतो.

तुझं पत्र सूनबाईला वाचून दाखवलं. ती म्हंती, मुकुंदआबांना घरी कुणी करून घालत नाय का, गिरणीत जाऊन जेवतेत? सूप म्हंजे पातळ कालवणच ना रे? मग त्याच्यापायी एवढं उसासे टाकायचं काय काम? आमच्या चाळीत शंभर क्विंटल कांदा पडलाय, एक तरी रडला का कवा?

आन् काट्या-चमच्याचं मला सांगू नको. माझ्या हातात काटा दिला तर मी त्यानं दात कोरीन आन् तुझी गिरणीत अब्रू जाईल.

आता हसणं बास. एक गोष्ट फक्त तुला लिहितो. प्रेरणाचं तिकडं जमलंय. तुझ्याकडं राहून तिनं अकरावी-बारावी केली, तुला आजाच मानती, म्हणून तुला सांगाया पाहिजे. फ्रान्सात ल्योंला शेतीचं शिकती, तिथलाच पोरगा हाय, एतिएन नावाचा. घरी शेळ्या, चीज करून विकतेत. शिवराज दोन महिने पोरीशी फोनवर बोलला नाय. बाप आसून! सूनबाई रडती. शेवटी समद्यांनी माझ्यावर टाकलं, आजा म्हणंल तसं. दिवाळीच्या आत सांगायचंय. व्हय म्हणावं तर पोरगी साता समुद्रापार, नाय म्हणावं तर तिचा चेहरा डोळ्यांपुढं येतो. स्थळ बगायला जावं म्हणलं तर हे गुडघे मला वेरूळच्या पायऱ्या चढू देत नायत, फ्रान्सला काय नेतेत!

तुझ्या कवितेत याचं काय उत्तर आसंल तर लिही.

नाना

*

उस्मानपुरा
२५ जुलै

प्रिय नाना,

प्रेरणाचं वाचलं. होईल रे सगळं नीट, मुलगी शहाणी आहे. पण आधी ऐक, इथं काय घडलंय ते!

मागच्या गुरुवारी सकाळी कांद्याच्याच त्या चार ओळी पुन्हा लिहिल्या. जेवलो, झोपलो, संध्याकाळी सुपाला गेलो, तर खाली, दुसऱ्या अक्षरात:

हाक नव्हे, वाफ आहे
बसलेली चष्म्यावर;
सूप कुठे वाट पाहे?
आधी प्या, रडा नंतर.

काय हजरजबाबीपणा! राजनंदिनीला विचारलं तर म्हणाली, "दुपारी खूप गर्दी असते आजोबा, माझं लक्ष नव्हतं." सहा टेबलांची कसली गर्दी? पण असो. काल परत तेच. मी क्रेपवर, म्हणजे तिकडच्या गोड घावनावर, चार ओळी लिहिल्या आणि खाली त्यांची अशी फिरकी घेतलेली, की इस्त्रीवाला सांडू सुद्धा दुकान सोडून वाचायला आला.

अक्षर गोल, मऊ, बाईमाणसाचं आहे. आणि गंमत म्हणजे अक्षरांवरून काहीतरी अलगद फिरल्यासारखं ती किंचित पुसट झालेली असतात. मी पुष्कळ विचार केला. तो पदर आहे नाना. लिहिताना वाऱ्यानं पदर फळ्यावरून जातो.

तुला मीनाक्षी आठवते? पोस्टमास्तरांची. आठवीच्या गॅदरिंगला मी स्टेजवर उभा राहिलो, दुसरी ओळ विसरलो, आणि पडद्याआडून एका नाजूक आवाजानं ती मला सांगितली. पुढच्या महिन्यात तिच्या वडिलांची बदली झाली, आभार मानायचे राहूनच गेले. गेली साठ-एकसष्ट वर्षं कुठलीही कविता म्हणताना पहिल्या ओळीनंतर मी क्षणभर थांबतो. वर्गातली पोरं समजायची, सरांना दम लागला.

आता सांग, माझी पहिली ओळ वाचून दुसरी पुरवणारं दुसरं कोण असेल?

तुझा
मुकुंद

*

कन्नड
२ ऑगस्ट

मुकुंदा,

तीच आसणार. मला तर जराबी शंका नाय.

आता नीट ऐक. ह्या वयात गडबड कामाची नाय. नवा शर्ट घे, पांढरा नको, पांढऱ्यात तू मास्तर दिसतोस. आस्मानी घे. कानामागं अत्तर लाव, गुलमंडीवर मिळतं ते. मिशी रंगवू नको, रंग सुपात उतरंल. आन् दुपारी आजिबात जाऊ नको, बाईमाणूस लाजून पळून जाईल. सकाळी लिहायचं, घरी जाऊन निजायचं. बसायचं झालंच तर चाकाखालच्या टेबलावर बसू नको, त्याचा एक पाय डुगडुगतोय, समदं सूप मांडीवर घेशील.

माझं बरं हाय. दर गुरुवारी दाताच्या डाक्टरकडं जावं लागतंय, तेवढा एक ताप. प्रेरणाचं आजून तसंच. तू त्याच्यावर दीड ओळ लिहिलीस, तेवढीबी लई झाली.

नाना

*

उस्मानपुरा
२२ ऑगस्ट

प्रिय नाना,

आस्मानी शर्ट घेतला. सांडूनं इस्त्री करताना विचारलं, "क्या बात है मास्तरसाहब, कहीं शादी-ब्याह है क्या?" मी शर्ट उचलून निघालो.

काल फळ्यावर रातातुई होतं. म्हणजे आपली वांगी, टोमॅटो, भोपळी मिरची एकत्र शिजवलेली, नाव तेवढं परदेशी. मी लिहिलं:

वांगे, टोमॅटो, मिरची
एका भांड्यात नांदती;
दूर देशीच्या घरची
नाती अशीच रांधती.

संध्याकाळी खाली हे उत्तर:

वांगे नांदेल कुठेही,
त्याला कुठले माहेर?
लेक नांदेल का, तेही
पुसा, मगच आहेर.

नाना, मला सूप गेलं नाही. या खेपेला थट्टा नाही. मीनाक्षीला लांब कुठंतरी दिली असणार, कुणी तिला विचारलं नसणार. साठ वर्षांनी हे ती कुणाला सांगते आहे? फळ्याला!

पुढच्या गुरुवारी मी झोपणार नाही. समोर सांडूच्या दुकानात, टांगलेल्या साड्यांच्या मागं लपून बसणार. तू नको म्हणशील, पण तुझं पत्र येईपर्यंत गुरुवार उलटून गेलेला असेल.

तुझा
मुकुंद

*

उस्मानपुरा
२९ ऑगस्ट

श्री. नानासाहेब, मु. पो. कन्नड, यांसी,

आपल्याला कळविण्यास अत्यंत खेद होतो की काल, गुरुवारी, दुपारी सव्वा वाजता आम्ही एका इस्त्रीच्या दुकानात साड्यांमागे उभे होतो. दीड वाजता रिक्षातून एक धोतर उतरले. त्यामागून टोपी उतरली. त्यामागून कांद्याचे एक पोते उतरले. राजनंदिनीबाई दारापर्यंत सामोऱ्या आल्या आणि म्हणाल्या, "या नानाआबा, आज कोंबडी केलीय तुमच्यासाठी."

आपण काटा आणि सुरी घेऊन कोंबडी खाल्लीत. दात कोरले नाहीत. हात पुसलेत. मग बाहेर येऊन, इकडेतिकडे बघून, खडू डाव्या हातात घेतलात.

डाव्या हातात! गुरुजींनी छड्या मारमारून उजवा केलेला तो डावा हात मी सपशेल विसरलो होतो. डावखुऱ्याचा तळवा आपल्याच अक्षरांवरून घासत जातो, हे मी छत्तीस वर्षं वर्गावर्गात पाहिलंय, आणि मला पदर दिसला! डुगडुगणाऱ्या टेबलाबद्दल आपण लिहिलंत तेव्हाही मला कळलं नाही. शर्ट घेतला मी, आस्मानी. अत्तर लावलं.

सांडू कालपासून हसतोय. दात मात्र आपले उत्तम दिसले.

आपला
मु. (निवृत्त शिक्षक)

*

कन्नड
३ सप्टेंबर

मुकुंदा,

लई चिडलास. 'आपण' म्हणून लिहिलंस तवा कळलं. तू मला आपण म्हणायची ही पहिलीच खेप.

साड्यांच्या मागून तुझा चष्मा चकाकत व्हता. मला वाटलं सांडूनं आरसा टांगला.

आता खरं सांगतो. स्थळ बगायला फ्रान्सला जाता येत नाय. मग म्हणलं, निदान त्यांच्या पंगतीला तर बसून बगू. माणसं कशी हायेत ते त्यांच्या जेवणावरून कळतं. किती घाई करतेत, शिळंपाकं टाकतेत का वापरतेत, पाहुण्याला दुसऱ्यांदा विचारतेत का. घरी म्हणलं दाताला जातो. राजनंदिनीला मी पहिल्याच दिवशी समदं सांगितलं आन् तुला सांगू नको म्हणून शपथ घातली. ती नऊ वर्षं त्या लोकांत राहिलेली. दर गुरुवारी एक पदार्थ खायचा आन् एक प्रश्न इचारायचा. म्हातारी माणसं घरात ठेवतेत का? सून रडली तर जवळ कोण बसतं? बदल्यात माझं कांद्याचं पोतं. तुझ्या त्या रडक्या सुपात जुलैपासून माझाच कांदा हाय.

फळा बगितला आन् मला राहवलं नाय. थट्टा म्हणूनच सुरू केली. पण ते वांग्याचं थट्टेत लिवलं नव्हतं. ते मला कुणाला तरी इचारायचं व्हतं. तुला पत्रात इचारलं, तर तू दीड ओळ लिहून मीनाक्षीकडं पळालास.

मीनाक्षीचंबी आता सांगूनच टाकतो. त्या गॅदरिंगला ती आलीच नव्हती, तिला गोवर उठला व्हता. पडद्यामागं मी व्हतो, पडदा ओढायला. माझा आवाज तवा फुटला नव्हता. तू खाली उतरून जे डोळं मिटून बसलास, मला सांगायचा धीर झाला नाय. मग राहूनच गेलं.

नाना

*

उस्मानपुरा
८ सप्टेंबर

नाना,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू. तिसऱ्यांदा उठून खिडकीशी गेलो.

एकसष्ट वर्षं मी एका पोस्टमास्तरच्या मुलीचे आभार मनात साठवून ठेवले, आणि ती बिचारी तेव्हा घरी अंग खाजवत बसली होती! आता तो सगळा साठा तुझा. एकदम घेऊन जा, मला ठेवायला जागा नाही.

आणि प्रेरणाचं. मी चुकलो रे. तू दार ठोठावत होतास आणि मी गच्चीवर चांदणं बघत होतो. ती माझ्याकडं होती तेव्हा रोज संध्याकाळी एक कविता पाठ म्हणायची, आणि शेवटची ओळ मुद्दाम चुकवायची, मी रागवावं म्हणून. तिच्याबद्दल मी दीड ओळ लिहिली, याची लाज वाटते.

९ तारखेला ये. टेबल सांगून ठेवलंय, चाकाखालचंच. डुगडुगता पाय राजनंदिनीनं नीट करून घेतलाय.

तुझा
मुकुंद

*

कन्नड
२५ सप्टेंबर

मुकुंदा,

९ तारखेला मी येणार नाय. त्या गिरणीत मी आता पाण्याचा थेंबसुदिक घेणार नाय. कांद्याचं पोतं शिवराजच्या हाती धाडत जाईन. वाढदिवसाला तुला आशीर्वाद.

नाना

*

उस्मानपुरा
२९ सप्टेंबर

प्रिय नाना,

तुझं कार्ड आलं. पाण्याचा थेंब नाही? म्हणजे तू नाही म्हणालास. प्रेरणाला नाही म्हणालास, आणि आता त्या वासाकडंही फिरकायचं नाही असं ठरवलंस. किंवा मी साड्यांमागं लपलो, तुझं हसं झालं, त्याचं तुला लागलंय. दोन्हींपैकी काय, ते तरी लिही.

माझ्यावरचा राग असेल तर मी कन्नडला येऊन तुझ्या दारात कान धरीन. पण प्रेरणाचं असेल तर फिरव तो शब्द. सात गुरुवार तू त्यांची पंगत पाहिलीस. वाईट असती तर तू दुसऱ्या गुरुवारी आला नसतास. आठवीतसुद्धा तू नासका पेरू दुसऱ्यांदा चावत नव्हतास.

कार्ड आल्यापासून फळ्यावर कविता नाही. मी पदार्थांची नुसती नावं लिहितो, हजेरीसारखी. राजनंदिनी विचारते, "आजोबा, बरं नाही का?" मी म्हणतो, दुसरी ओळ सांगणारा गैरहजर आहे. शाळेत पहिली ओळ तरी माझी मला आठवली होती रे, पण आता तुझ्यावाचून मला पहिलीसुद्धा सुचत नाही.

तुझा
मुकुंद

*

कन्नड
३ ऑक्टोबर

अरे येड्या,

तू सहावीत जसा व्हतास तसाच हायेस. गणित समदं बरोबर आन् उत्तर चूक.

मी व्हय म्हणालो! २१ तारखेला, रविवारी. शिवराज आधी उठून गोठ्यात गेला, मग बाहेर येऊन पोरीशी तासभर बोलला. सूनबाई आता आनंदानं रडती, पण रडती तेवढंच. पोरगी फोनवर म्हणाली, "आजोबा, मुकुंदआबांना सांगितलं का?" मी म्हणलं, त्यांना पत्रानं कळवतो. थेंबसुदिक घेणार नाय म्हणलं, त्यात समदं आलंच की!

आता तूच सांग, व्हय म्हणल्यावर मी गिरणीत कसा जेवू? आपल्यात मुलीच्या सासरी तिला मूल होईस्तोवर पाणी पितेत का? माझ्या बापानं माझ्या बहिणीकडं चार वर्षं थेंब घेतला नाय, उन्हाचा जायचा आन् तसाच यायचा. स्थळ बगेपर्यंत खाल्लं ते चालतं. शब्द दिला की संपलं. सासर म्हंजे त्या शेळ्यावाल्यांचं घर तर हायेच, पण इथं कन्नडात बसून मी फ्रान्समधलं एक घर कसं वेगळं काढू? म्हणून मी अख्खा देशच सासर धरला. चूक नको.

आन् लई हसू नको. तूबी तिचा आजाच. दोन वर्षं तुझ्या घरी जेवली, म्हंजे तू मुलीकडचा. तवा तुझंबी बंद! गुरुवारचं सूप बंद, क्रेप बंद. आता आस्मानी शर्ट घालून घरी मुगाची खिचडी खा.

नाना

*

उस्मानपुरा
५ ऑक्टोबर

प्रिय नाना, मुलीकडच्या थोरल्या व्याह्यांना साष्टांग दंडवत!

तुझं पत्र घेऊन मी गल्लीतून चक्क पळालो. सांडूला पेढा दिला. राजनंदिनीला पत्र वाचून दाखवलं. आधी तिनं डोळे पुसले, मग तुझा सासरचा मुद्दा ऐकून कमरेवर हात ठेवले. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहितो:

"नानाआबांना सांगा, ही गिरणी माझ्या वडिलांची, मी उस्मानपुऱ्याची. पाणी आपल्या नळाचं. लोणी चौका गावच्या गवळ्याचं. कांदा तर त्यांच्याच चाळीतला. मग हे सूप सासरचं कसं? हे तर पोरीच्या माहेराहून आलेलं. आपल्याच घरचं खायला कोण अडवतंय?"

मी छत्तीस वर्षं नियम शिकवले आणि पळवाटा तपासल्या. यात मला खोट सापडली नाही. मग आम्ही दोघांनी वाडग्यातली एकेक वस्तू काढून पाहिली. कांदा माहेरचा. मीठ-मिरी तटस्थ. अडलो ते पावाशी. पाव ती तिकडून शिकून आलीय, त्याचं विरजणसुद्धा तिनं तिकडून बरणीत आणलंय. आणि वरचं चीज तर थेट शेळ्यांचं, म्हणजे व्याह्यांचंच खातं. ही दोन मात्र नक्की सासरची. आपल्याला चालायची नाहीत.

तेव्हा ९ तारखेला कांद्याचं सूप, पावाशिवाय, चीजशिवाय. राजनंदिनी म्हणते, असलं सूप फ्रान्समध्ये कुणी कुत्र्यापुढंही ठेवणार नाही. मी म्हटलं, त्यांच्या पद्धती त्यांच्यापाशी.

आज फळ्यावर दोनच ओळी लिहून सोडल्या आहेत. उरलेल्या तुझ्या. डाव्या हातानं, सगळ्यांदेखत:

पंचाहत्तरीच्या पानी
कांदा मिरवे माहेरी;

तुझा
मुकुंद

*

कन्नड
७ ऑक्टोबर

मुकुंदा,

येतो. सकाळच्या यष्टीनं, शिवराज सोडायला येतोय. कांदं निवडून ठेवलेत, लाल आन् घट्ट. प्रेरणा फोनवर समदं आयकून एवढी हसली, की तिकडं एतिएननं इचारलं काय झालं. ती म्हंती, त्याला समजावून सांगायला आठ दिवस लागतील.

तुझ्या ओळींच्या पुढचं यष्टीत बसून रचतो, पण शेवट आत्ताच सांगून ठेवतो.

पाव टाकू नका म्हणावं. राजनंदिनीला सांग, त्या बरणीतलं विरजण जपून जिवंत ठेव. पणतू झाला की पाव आन् चीज, दोन्ही दोघं मिळून खाऊ. तवर मरायचं नाय, सांगून ठेवतो.

नाना